आतनं भरणारी दाढ

आत्या, तुझी दाढ माझ्याकडे आहे. खरं म्हणजे अर्धीच. दुसरी अर्धी मी दगडावर घासत घासत इतकी पातळ केली की ती आता काचेच्या पट्टीवर चिकटवलेली आहे, आणि उजेडाला धरली तर तिच्यातून खिडकीचे गज दिसतात.

तू गेलीस त्याला तीन आठवडे झाले. आबा म्हणाले, "तुला लिवाय येतंय न्हवं? मग माज्या आक्कावर लिव की कायतरी." आपल्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे असं काम माझ्याकडेच येणार. पण मला सवय आहे ती परीक्षेतल्या उत्तरांची. आधी व्याख्या, मग आकृती, मग उपयोग. तुझी व्याख्या मला जमणार नाही. तुझं जन्मसालसुद्धा कुणाला माहीत नाही. रेशनकार्डासाठी वय विचारायला माणूस आला होता, तेव्हा तू त्याला म्हणाली होतीस, "माजं दात बगा आन् घाला अंदाजानं." त्या बिचाऱ्याने खरंच तुझ्या तोंडाकडे बघितलं होतं.

मला फक्त त्या दाढेबद्दल सांगायचं आहे. ते तुला सांगायचं राहून गेलं.

मी हॉस्टेलवरून आले की पिशवी खाली ठेवायच्या आत तुझा अंगठा माझ्या खालच्या ओठावर असायचा. "आ कर." आणि तू ओठ खाली ओढून बघायचीस, मेंढराचा बघतात तसा. सांगलीच्या मैत्रिणींना हे समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. मेंढराचं वय दातांवरून धरतात. पुढचे दुधाचे दात अजून पडले नाहीत ते कोकरू अदत. मग साधारण वर्षाला दोन पक्के दात येत जातात: दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठ पुरे झाले की मेंढरू जुळलं. माझा निकाल तू ह्याच मापाने लावायचीस. बारावीनंतर मी सांगलीला निघाले तेव्हा एस.टी.च्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "अदत हाय अजून. चार वर्सांनी जुळून यील." पहिलं वर्ष पास झाले तेव्हा दोन दाती. दुसरं झालं तेव्हा चार. शिक्षणाची वर्षं चार आणि दात आठ, हे गणित तुला फार पसंत होतं.

मला खरं तर मोठी डॉक्टर व्हायचं होतं. थोडे मार्क कमी पडले आणि दातांच्या कॉलेजात नंबर लागला. दोन दिवस मी रुसून बसले होते. गावात ज्याला त्याला प्रश्न, दाताला वायला डॉक्टर कशाला लागतो? शेजारचे तात्या तर आपल्या ओट्यावर येऊनच विचारत होते. तू म्हणालीस, "तुमास्नी न्हाई लागायचा, तात्या. तुमचं हायतीच कुठं?" सगळ्यांत जास्त तात्याच हसले, बोळकं उघडून. ते गेल्यावर तू माझ्याजवळ येऊन बसलीस. "तोंड उघडलं की सगळं दिसतंय, पोरी. वय दिसतंय, काय खाल्लं ते दिसतंय, कवा उपाशी हुतं ते बी दिसतंय. लय मोठी इद्या हाय ही."

पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पुढे मी वाचलं की लहानपणी मोठं दुखणं आलं किंवा खायला मिळालं नाही, तर त्या दिवसांची रेघ दाताच्या कवचावर उमटते आणि जन्मभर राहते. मी पुस्तक मिटलं. नंतर सुट्टीला आले तेव्हा तू हसलीस की मी तुझ्या पुढच्या दातांकडे बघायचे. तुझ्या दोन दातांवर तशी रेघ होती. ती कुठल्या सालची, हे मी तुला विचारलं नाही. विचारायचं राहिलेल्या गोष्टींत तीही आहे.

आपलं भांडण मात्र चांगलं रंगलं होतं. मी दुसऱ्या वर्षाला होते, दिवाळीची सुट्टी होती आणि तुम्ही मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायच्या तयारीत होतात. तू एका म्हाताऱ्या मेंढीला गुडघ्यात धरून तिचं तोंड उघडलंस. दात झिजून निम्मे झाले होते, आणि झिजलेल्या टोकावर मधोमध तपकिरी ठिपका होता.

"ह्यो बगितलास? वरनं झिजतोय तसा आतनं भरत येतोय. न्हाईतर मगज उघडा पडून वरडली असती की मेंढी."

मी म्हणाले, "दात भरत नसतो, आत्या. हाड जुळतं, कातडी भरते. दात एकदा झाला की झाला. वरचं कवच करणाऱ्या पेशी दात उगवतानाच मरून जातात."

"कवच ऱ्हाऊ दे. मी आतलं म्हणती."

"पुस्तकात तसं नाही."

"तुज्या पुस्तकानं मेंढी बगितलीया का?"

आबा तिकडे दोर वळत होते, ते खाली मान घालून हसत राहिले. मला राग आला. मी तुम्हा दोघांना कवचाचा अख्खा धडा म्हणून दाखवला. तू शांतपणे ऐकून घेतलास आणि शेवटी मेंढीला सोडून देत म्हणालीस, "जा बाई. तुजं दात भरत न्हाईत म्हनं."

आत्या, ते पुस्तकात होतं. त्याच पुस्तकात, पुढच्या धड्यात. मी कवच पाठ केलं होतं आणि तेवढ्यावर सगळ्या दाताचा निकाल लावला होता.

त्याच सुट्टीत तुझी दाढ चमकायला लागली. खालची, उजवीकडची. मी टॉर्च धरून बघितलं तर चांगली खोल कीड होती. तालुक्याच्या गावी एक दातांचे डॉक्टर नवीन बसले होते, त्यांच्याकडे मी तुला घेऊन गेले. जाताना मला फार बरं वाटत होतं. आपल्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं आणि डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, हे आपल्याकडे आधी कुणी केलं नव्हतं.

त्यांनी नीट तपासलं. "आपोआप ठणकते का, आजी? का गार पाणी लागलं की?"

"गार पान्यानं चमाक मारती. मग गप."

"मग दाढेत जीव आहे अजून. साफ करून औषध भरतो. दीड महिन्याने परत दाखवा, मग वरून पक्की भरू."

मी मध्ये बोलले. "दीड महिन्यात ह्या मेंढरांमागे कुठल्या शिवारात असतील सांगता येत नाही, सर. वाटेत दुखली तर हाल होतील. काढलेलीच बरी."

हे खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. आम्हाला कॉलेजात सांगितलं होतं की पुढच्या टर्मला प्रत्येकाने काढलेल्या दाढा गोळा करून आणायच्या, मुळं न मोडलेल्या. माणसावर हात ठेवायच्या आधी त्यांच्यावर कोरायचा सराव करायचा. वर्गातल्या काहींचे काका-मामा दातांचे डॉक्टर होते, त्यांच्या बरण्या भरलेल्या होत्या. माझ्या बरणीत दोन दात होते, त्यातल्या एकाचं मूळ तुटलेलं. सुट्टीभर मी आईजवळ तेच रडगाणं गात होते. डॉक्टरांच्या खुर्चीजवळ उभी राहून "काढलेलीच बरी" म्हणताना ती बरणी माझ्या डोळ्यांसमोर होती. नव्हती असं म्हणता येणार नाही.

डॉक्टरांनी तुला विचारलं, "काय करू, आजी?"

तू माझ्याकडे बघितलंस. "ती शिकतीया. ती म्हणंल तसं."

नंतर एस.टी. स्टँडच्या बाकड्यावर आपण बसलो होतो. तुझ्या तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे बोलणं अर्धवट. तू पदराची गाठ सोडलीस आणि कागदाची पुडी माझ्या हातात ठेवलीस. "ह्यो घे. अक्खा हाय. मुळं बी मोडली न्हाईत."

मुळांचं मी तुला कधीच सांगितलं नव्हतं.

मग तू गाल धरून म्हणालीस, "तुजा पयला दात म्या शेणाच्या गोळ्यात घालून पत्र्यावर फेकला हुता. नवा चांगला यावा म्हणून. माज्या दाताला शेण नगं. कालिजात फेक."

मी हसले. तूही हसायला गेलीस आणि कापूस दाबून धरलास. तेव्हाच मला कळलं होतं की तुला कळलं आहे. तेवढ्यात गाडी लागली आणि आपण जागा धरायला धावलो.

सरावाच्या टर्मला माझ्याने तुझी दाढ कोरवली नाही. दुसरीकडून चार दात मिळाले, त्यांच्यावर भागवलं. तुझी दाढ बरणीत तशीच राहिली. तिसऱ्या वर्षी मॅडमनी सांगितलं की किडलेल्या दाताचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आहे. तेव्हा मी ती बाहेर काढली. चकतीने उभी कापली, आणि अर्धा भाग दगडावर पाणी घालून घासायला बसले. तीन दिवस लागले. बोटांची टोकं गुळगुळीत झाली.

भिंगाखाली आधी कीड दिसली, वरून खाली निमुळती होत गेलेली, तपकिरी. मी तिच्या टोकाखाली सरकत गेले, आणि तिथे ते होतं. दाताच्या मधल्या मऊ गराच्या पोकळीच्या छताला, बरोबर किडीच्या खाली, नव्या पदार्थाची एक टोपी. बाकीच्या दातात बारीक नळ्या पेरणीच्या ओळींसारख्या सरळ असतात, इथे त्या वाकड्यातिकड्या होत्या, घाईने केल्यासारख्या. बाहेरून शत्रू येतो आहे हे ओळखून दाताने आतून भिंत घातली होती.

मॅडम माझ्या मागून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "अरे वा. हा आतून भरत होता."

तुझेच शब्द, आत्या. फक्त शहरी.

मग त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. गराच्या कडेला दात घडवणाऱ्या पेशी असतात, त्या किडीने मेल्या तर गराच्या आतून दुसऱ्या पेशी येऊन त्यांची जागा घेतात. ह्या दुसऱ्या पेशी आधी कुणीच नसतात. त्यांचं काम ठरलेलं नसतं. गरज पडली की त्या शिकतात आणि दात घडवायला लागतात. "ह्या नक्की कोणत्या, राखीव कुठे राहतात, हे अजून कुणाला धड सापडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "एक दिवस कुणीतरी त्या वेगळ्या काढून काचेच्या भांड्यात वाढवेल. मग दाताचा गर पुन्हा तयार करता येईल, हाडसुद्धा भरून काढता येईल कदाचित. मी असेन नसेन. तुमच्यापैकी कुणी करा."

मी वहीत लिहिलं, अविभेदित पेशी. त्याखाली माझ्यापुरता आपला शब्द लिहिला: अदत.

तो शब्द मी आजवर कमीपणाचा समजत होते. तू म्हणालीस की मला हसू यायचं, पण थोडं लागायचंही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की दाताने स्वतःच्या आत काही अदत राखून ठेवलं आहे, आणि त्याच्याच जोरावर तो उभा आहे.

सगळे पांगल्यावर मॅडमनी विचारलं, "कुणाची ही? इतकी भिंत घातली होती तर वाचवता आली असती. काढायची काही गरज नव्हती."

मी म्हणाले, "गावाकडून मिळाली, मॅडम." काचेच्या पट्टीच्या चिठ्ठीवर माहितीची जागा कोरी ठेवली.

संक्रांतीला मी ती पट्टी रुमालात गुंडाळून पिशवीत घातली आणि पॅसेंजरने कोरेगावला उतरले. तुम्ही कुठल्या शिवारात आहात हे विचारत विचारत आले. मेंढरांचा वाडा, तुमचा फिरता तळ, एका कापणी झालेल्या रानात बसला होता. तू मला बघून एवढंच म्हणालीस, "आली व्हय? बस, भाकरी टाकती." जेवताना मी बघत होते. तू डाव्या बाजूने चावत होतीस.

जेवण झाल्यावर अंगठा आला. "आ कर." तू बराच वेळ बघितलंस. "अजून चारच. ह्या साली वाढ दिसंना."

"परीक्षा उन्हाळ्यात आहे, आत्या."

"मी परिक्षेचं इचारलं न्हाई."

रुमाल माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. तुला सांगायचं होतं की भांडण तू जिंकलीस. पण ते सांगितलं की तू पुढचं विचारणार, मग काढली कशाला? त्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मला तोंडातून काढवेना. मी तिळगूळ दिला. तू तो उजव्या गालात ठेवलास, मग आठवण झाल्यासारखा डावीकडे घेतलास. "बरं," म्हणालीस, "फुडल्या येळंला सांग." आणि उठून कोकरांकडे गेलीस.

पुढची वेळ आली नाही. हॉस्टेलच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी पट्टी परत कॉलेजच्या पेटीत ठेवलेली होती.

तुझा दहावा झाल्यावर दोन दिवसांनी आबा कोकरं निवडत होते. मी शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. दाढेतली भिंत, डॉक्टर काय म्हणाले होते, बरणी, सगळं. आबांनी हातातलं कोकरू खाली ठेवलं नाही. त्याचे कान चोळत ऐकत राहिले.

"मला दाढ पाहिजे होती, आबा. म्हणून मी काढायला लावली."

"व्हय. ठावं हाय."

"आत्यानं सांगितलं?"

"मला काय, साऱ्या वाड्याला सांगितलं तिनं. जिथं मेंढरं बसतील तिथं रानाच्या मालकिनीला बी सांगायची. माजी दाढ सांगलीला कालिजात हाय म्हणायची. मी न्हाई शिकले, पर दाढ शिकतीया."

मला हसू फुटलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. आबांनी मला तसंच राहू दिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "पर तिचं खरं ठरलं ह्ये सांगाय पायजे हुतंस. लय मिजास केली असती तिनं. मला चार म्हैनं जगू दिलं नसतं."

ते मात्र खरं आहे, आत्या. ती मिजास तुझी माझ्याकडे राहिली. दाढेबद्दल तू मला केव्हाच माफ केलं होतंस, बहुतेक स्टँडच्या बाकड्यावरच. पण जिंकल्याचा आनंद मी तुला दिला नाही, तो माझ्या भित्रेपणामुळे. म्हणून आता लिहिते, चार लोक वाचतील असं: दात आतून भरतो. माझी आत्या बरोबर होती, मी चुकले होते, आणि तिने ते मेंढीच्या तोंडात बघून सांगितलं होतं.

उठायच्या आधी आबांनी कोकरू सोडलं, हात धोतराला पुसला आणि अंगठा माझ्या ओठावर ठेवला. ह्याआधी त्यांनी तसं कधी केलं नव्हतं. नीट बघितलं.

"अदत."

"आबा, चार होते की."

"ते तिनं धरलं हुतं. मला तर अदतच दिसतंय."

"चालंल," मी म्हणाले. आबांना वाटलं मी रुसले. तुला कळलं असतं.

परवा सांगलीला आल्यावर मी मॅडमकडे गेले आणि ती दाढ कुणाची ते सांगितलं. का काढली तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पेटीतून पट्टी काढली आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "मग कोरी का ठेवतेस? लिही."

मी चिठ्ठीवर लिहिलं: खालची उजवी दाढ. रुग्ण स्त्री. व्यवसाय मेंढपाळ. वयापाशी येऊन थांबले. रेशनकार्डावरचा आकडा मला माहीत होता, पण तो त्या माणसाने अंदाजाने घातलेला. मी पेन टेकवलं आणि लिहिलं, जुळलेली.

मॅडमनी चष्मा वर करून वाचलं. "हे काय?"

"वय आहे, मॅडम," मी म्हणाले.